परुळेकर आणि सातव्या मजल्याचं पाणी

परुळेकर कधी लिफ्टने चढले नाहीत. लिफ्ट चालू असायची तेव्हाही नाही. ते जिन्याने चढायचे आणि प्रत्येक मजल्यावर थांबून जिन्याच्या खिडकीतून डक्टमध्ये हात घालायचे. बाथरूमांच्या मागे जी अरुंद पोकळी असते, जिच्यातून पाण्याचे पाइप खाली उतरतात, ती डक्ट. तिथल्या पाइपवर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे, ‘हं’ म्हणायचे आणि पुढचा मजला. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, आणि कमरेच्या करगोट्याला गच्चीची किल्ली. ती किल्ली ते आंघोळ करतानाही काढत नसत, असं त्यांची बायको सांगायची. बायको कौतुकाने सांगायची. मला त्यात कौतुकाचं काही दिसत नव्हतं. जो माणूस किल्ली इतकी जपतो, तो काय जपतोय हे आधी बघावं, असं माझं मत आहे.

मी शिंदे. घाटकोपरला माझा लोखंडी कपाटांचा गाळा होता. साताऱ्याकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गाळ्यात पत्रे घासत होतो, पुढे स्वतःचा गाळा झाला आणि ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलुंडला या सात मजली इमारतीत फ्लॅट घेतला. तेव्हा मुलुंडात सात मजले म्हणजे लोक मान वर करून बघायचे. बिल्डर म्हणाला, “सातवा घ्या शेट. टाकी तुमच्या डोक्यावर. सगळ्यात आधी पाणी तुम्हाला.” मला ते पटलं. गोदामाला लागून दुकान असलं की माल आधी मिळतो, हे मी जन्मभर बघत आलो होतो. तरीही मी तोंड वाकडं केलं, लिफ्ट बंद पडेल, ऊन लागेल, असं करत भाव पाडून घेतला आणि खूश होऊन घरी आलो. बिल्डर माझ्यापेक्षा जास्त खूश होता, हे राहायला गेल्यावर कळलं.

सातव्या मजल्यावर पाणी यायचंच नाही. म्हणजे नळ उघडला की आधी फुसफुस हवा यायची, मग करंगळीएवढी धार, आणि खालच्या कुणी नळ सोडला की तीही गडप. सकाळी सहाच्या सुमाराला, जेव्हा माणसाला पाणी लागतं, तेव्हा तर नळ कोरडाच. माझी बायको दुपारी, सगळी इमारत झोपलेली असताना, पाणी भरायची. आणि रोज पहाटे माझ्या छतावर पावलं वाजायची. गच्चीची किल्ली एकाकडेच. सोसायटीचे सेक्रेटरी, परुळेकर, दुसरा मजला.

ते रेशनिंगच्या ऑफिसातून रिटायर झाले होते. सगळी नोकरी त्यात, आणि घरात ना फ्रिज, ना बायकोच्या हातात सोन्याच्या बांगड्या. अशा खात्यात इतकी वर्षं काढून हात कोरडे ठेवणारा माणूस एक तर संत असतो किंवा फार हुशार. संत मला धंद्यात अजून भेटलेला नाही.

एकदा मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. काहीतरी मेंटेनन्सचं निमित्त काढलं, चहा घेतला आणि हात धुतो म्हणून मोरीत शिरलो. नळ जरासा फिरवला, तर पाणी असं उसळलं की माझा शर्ट पोटापर्यंत भिजला. मी तसाच बाहेर आलो.

“परुळेकर, हे काय?”

“काय?”

“तुमच्याकडे हे असं. आणि टाकीच्या खाली मी राहतो, तर माझ्याकडे थेंब नाही.”

त्यांनी मला आधी टॉवेल दिला. मग एक हात डोक्याच्या जरा वर धरला आणि दुसरा गुडघ्याजवळ. टाकी तुमच्यावर पुरुषभर उंच आहे, म्हणाले, आणि माझ्यावर पाच मजले नि पुरुषभर. पाणी जितकं उंचावरून येतं तितकं जोरात येतं. तुम्ही टाकीच्या जवळ आहात हेच तुमचं दुखणं. शिवाय खाली उतरायला पाइप एकच. खालच्यांनी नळ सोडले की पाणी तुमच्या दारावरून सरळ निघून जातं, वळून बघत नाही.

बोलणं बरोबर वाटत होतं. पण ज्याचा शर्ट कोरडा आहे त्याच्या तोंडून ओल्या माणसाने ते ऐकावं, हे मला जमलं नाही. मी म्हटलं, मी गच्ची बघणार. ते म्हणाले, या की.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावलं वाजली तसा मी वर गेलो. परुळेकर टाकीचं झाकण उघडून आत बांबू बुडवत होते. पाणी बंद-चालू करायच्या व्हॉल्व्हजवळही गेले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही. बांबू बाहेर काढून ओल कुठवर आली ते दाखवलं: टाकी जवळजवळ भरलेली. मग मला कठड्याशी उभं केलं आणि म्हणाले, ऐका. थोड्या वेळाने खालून आवाज सुरू झाले. पिंपं ओतल्याचे, कळश्या विसळल्याचे, बादल्या आपटल्याचे. सगळ्या मजल्यांवरून एकदम. ते संपल्यावर त्यांनी पुन्हा बांबू टाकला, तर तळाला टेकून जेमतेम ओला.

“पाणी कमी नाय हो,” ते म्हणाले. बोलता बोलता रंगात आले की त्यांची मालवणी बाहेर यायची. “काल भरलेला पिंप आज मोरीत ओतायचा आणि तोच परत भरायचा. कित्या? शिळा झाला म्हणून. ह्या टाकीतला पाणी कालचाच असा, पण ता शिळा नाय. पिंपात गेला की शिळा.”

आमच्याकडेही पद्धत तीच होती, फक्त ओतायला शिल्लक काही नसायचं. मी म्हटलं, मग सांगा ना सगळ्यांना, ओतू नका म्हणून. ते हसले. सांगून बघितलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या कर्णिकबाईंनी विचारलं होतं, “तुमच्या घरी देवाला शिळं पाणी घालता का?” त्यावर बोलणार काय? आणि मनातून प्रत्येकाला भीती की आपण थांबलो तर दुसरा भरून घेईल.

एवढं सगळं ऐकूनही माझा संशय गेला नाही. उलट वाढला. इतकं माहीत असलेला माणूस काही करत का नाही?

मग आमच्या सुनंदाला दिवस गेले. माझी एकुलती एक मुलगी, बोरिवलीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरीच, यात विचारायचं काय? सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरवायला विहीणबाई तिलाच बरोबर घेऊन आमच्याकडे आल्या. जेवण झाल्यावर हात धुवायला आत गेल्या. नळ फुसफुसला, खोकला, गप्प झाला. शेवटी माझ्या बायकोने तांब्याने त्यांच्या हातावर पाणी घातलं. बाहेर येऊन पदराला हात पुसत त्या फार गोड आवाजात म्हणाल्या, “बाळंतपण आमच्याकडेच करू या. बाळ-बाळंतिणीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. तुम्हाला कशाला त्रास?”

निघताना सुनंदा आईचा हात सोडेना. मी विहीणबाईंना म्हटलं, पोरगी इथेच येईल आणि पाणीही इथेच येईल. त्या हसल्या. ते हसणं मी तसंच घेऊन दुसऱ्या मजल्यावर उतरलो.

परुळेकरांना सांगितलं की टाकीपासून माझ्या घरापर्यंत वेगळी लाइन मी टाकतो. पाइप माझा, प्लंबर माझा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग फुकटात करून देतो, वर सोसायटीला ऑफिससाठी एक कपाट. हे बोलताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. माणूस कुठे तरी हलतो. पापणी हलते, हात चहाच्या कपाकडे जातो, तिथून पुढे सौदा सुरू होतो. हा माणूस हललाच नाही.

“तुमच्या खर्चाने टाकली की ती लाइन तुमची,” ते म्हणाले. “मग सहाव्यावरचा दुसरी टाकणार. पाचव्यावरचा मोटर बसवणार. टाकी एकच आहे, शिंदेशेट. मीटिंगमध्ये मांडा. पास झाली तर मी स्वतः उभा राहून टाकून घेतो.”

मीटिंग झाली. वरच्या दोन मजल्यांसाठी वेगळी लाइन, असा ठराव मी मांडला. खाली पाच मजले, वर दोन. निकाल आधीच लिहिलेला होता. त्यातून कर्णिकबाई उठून म्हणाल्या, “हवा खायला सातव्या मजल्यावर गेलात, आता पाणी प्यायला खाली या.” सगळे हसले. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ठराव पडला. परुळेकर खुर्चीत बसून होते, माझ्या बाजूने एक शब्द नाही. मी समजलो ते समजलो.

दोन दिवसांनी गाळ्यावरून परत आलो, तर खाली सोसायटीच्या नोटिशीच्या फळ्याशी माणसं जमलेली. फळ्यावर परुळेकरांच्या त्या गोल रेशन-कार्डी अक्षरात लिहिलेलं होतं:

‘सातव्या मजल्यावरील श्री. शिंदे यांची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येत आहे. बाळंतीण घरी आल्यापासून सकाळची तिची व बाळाची आंघोळ होईपर्यंत कोणी पिंपे भरू नयेत. शिळे पाणी ओतायचे असल्यास नंतर ओतावे. – सेक्रेटरी.’

माझं डोकं फिरलं. जिना चढलो आणि त्यांच्या दारावर हात आपटला. माझ्या मुलीचं पोट तुम्ही फळ्यावर मांडलंत, म्हणालो. मी भीक मागितली नव्हती. फ्लॅटचे पैसे सगळ्यांसारखे मोजले, मेंटेनन्स सगळ्यांसारखा भरतो, पाणी माझा हक्क आहे.

“असा ना हक्क,” परुळेकर म्हणाले. “परवा मांडलात तो. काय झाला? हक्क म्हटलो की तेंचे हात वर जातत. बाळंतिणीच्या पाण्याक कोण हात वर करतलो? सांगा एक नाव.”

रागात मी विचारलं, “यात तुमचा काय फायदा?”

ते खरोखर विचारात पडल्यासारखे दिसले. “माका?” म्हणाले. “रोज तुमच्या शिव्या खाऊच्या लागणार नाय.”

यावर त्यांची बायको आतून हसली. मी फळा पुसायला खाली गेलो, तर तिथे कर्णिकबाई उभ्या. मला बघून त्या मीटिंगमधल्यासारख्या नव्हत्या. कितवा लागलाय, विचारलं. डिंकाच्या लाडवांना चांगला डिंक कुठे मिळतो ते सांगितलं. मी डस्टर हातात घेऊन उभा राहिलो आणि तसाच वर आलो.

सुनंदा आली. मुलगा झाला. नर्सिंग होममधून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊ घालणारी बाई आली. आम्ही दोघं नवरा-बायको नळाशी उभे. बायकोने रात्रीच दोन घागरी भरून झाकून ठेवल्या होत्या, म्हणजे तिचाही विश्वास नव्हता. सहा वाजले. मी ऐकत होतो, आता पिंपं ओतल्याचे आवाज येतील. एकही आला नाही. एवढ्या मोठ्या इमारतीत भांड्याला भांडं लागलं नाही. बाईने नळ फिरवला आणि धार आली. दुसऱ्या मजल्यासारखी उसळणारी नव्हे, पण मनगटाएवढी, न तुटणारी. बादली भरली, दुसरी भरली. बाळ रडायला लागलं. सुनंदा आत पाटावर बसली होती, तिला ती धार ऐकूनच रडू आलं.

आणि तेवढ्यात डक्टमधून खालून हाक आली. कर्णिकबाई. “झाली का हो आंघोळ? भरू का आता?”

माझी बायको बाथरूमच्या खिडकीशी गेली आणि डक्टमध्ये तोंड घालून म्हणाली, “झाली हो! भरा!” लगेच सगळ्या मजल्यांवरून धबाधब आवाज सुरू झाले.

हे रोज चाललं. रोज सकाळी माझ्या मुलीची आंघोळ झाल्याची वर्दी डक्टमधून सातव्यापासून पहिल्यापर्यंत जायची. मधले मजलेही विचारायला लागले. बाळाला सर्दी आहे का, आज बाई उशिरा आली का, टाळू भरली का. माझी बायको खिडकीशी उभी राहून उत्तरं द्यायची आणि तिला ते आवडायचं. मला नाही आवडायचं. हक्काचं पाणी आलं असतं तर मी नळ सोडून ऐटीत दाढी केली असती. हे पाणी खालच्या सगळ्यांनी थांबून दिलेलं होतं आणि ते मला रोज ऐकवलं जात होतं. विहीणबाई बारशाला आल्या, त्यांनी नळ सोडून बघितला, मला त्या दिवशी छाती फुगवता आली असती. पण त्यांच्यासमोरच खालून हाक आली, “भरू का आता?” आणि सगळी कथा त्यांना कळली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “माणसं चांगली मिळालीत तुम्हाला.” म्हणजे पाणी नव्हे, माणसं.

सुनंदा गेल्यावर वाटलं, आता पुन्हा फुसफुस. तसं झालं नाही. परुळेकरांनी फळा पुसलाच नाही. कुणी विचारलं, बाळंतीण गेली ना? तर म्हणायचे, पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला डॉक्टरने सकाळी शेक सांगितलाय. पुढे सहाव्याच्या सुनेला दिवस गेले. प्रत्येक वेळी कुणीतरी असायचंच. हा माणूस रेशनिंगमध्ये कसा टिकला असेल ते मला तेव्हा कळलं. प्रत्येक रांगेत कुणीतरी आधी जायला हवं असतं, आणि ते कोण हे त्याला दिसायचं. की तो ते शोधून काढायचा? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे.

वर्षाची सर्वसाधारण सभा आली. चौथ्या मजल्यावरच्या एका तरुण इंजिनियरने परुळेकरांविरुद्ध उभं राहायचं ठरवलं होतं. तो म्हणत होता की पाणी मेहेरबानीवर चालता कामा नये. वरच्या मजल्यांना वेगळी लाइन, खालच्यांना वेगळी, सगळं लिखापढीत. जे मी वर्षभरापूर्वी मागितलं तेच. मी त्याच्या बाजूने हात वर केला. सगळ्यात आधी केला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. माझ्या मुलीला फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला मी हात द्यायचा?

हात मोजायचं काम सेक्रेटरीचंच. स्वतःच्या विरुद्धचे हात परुळेकर स्वतः मोजत होते, बोट दाखवत, ओठांनी आकडा म्हणत. माझ्या हातापाशी आले तेव्हा त्यांचं बोट जरासुद्धा थांबलं नाही. ते हरले. तिथेच करगोट्याची गाठ सोडून किल्ली टेबलावर ठेवली.

जिन्यात मी त्यांना गाठलं. का गाठलं ते नक्की सांगता येत नाही. भांडायचं असावं.

“पहिलो हात तुमचो,” ते म्हणाले.

“माझाच.”

“बरा केलात. नायतर खालच्यांका वाटला असता, परुळेकर शिंद्याचो माणूस. आता लाइन टाकूक कोण आडवो येणार नाय.”

आणि ते एकेक पायरी चढत गेले. ते खरंच तसं समजत होते, की मला टोचायला म्हणाले? ते पाठमोरे होते. मी कपाटं विकताना गिऱ्हाइकाच्या पाठीवरून ओळखतो की तो परत येणार की नाही. त्यांच्या पाठीवरून मला काही ओळखता आलं नाही.

लाइन टाकली गेली. ठराव एकमताने पास झाला, कर्णिकबाईंनीसुद्धा हात वर केला. नव्या कमिटीने मोटर आणि टाकीचं काम माझ्याकडे दिलं, पंपरूमची एक किल्ली माझ्याकडे आली, दुसरी वॉचमनकडे. माझ्या नळाला सकाळी सहा वाजता धार यायला लागली, कुणाला न विचारता. मी दाढी करायला लागलो.

त्यानंतर दोनेक वर्षांत परुळेकरांनी फ्लॅट विकला. मुलाने कुर्ल्याला तळमजल्यावर घर घेतलं होतं, तिकडे जायचं होतं. रविवारी सकाळी टेम्पो आला. मी वरून गॅलरीतून बघत होतो. भांडी चढली, पलंग चढला, सगळ्यात वर सुतळीने बांधलेली गादी. बायको ड्रायव्हरशेजारी बसली. परुळेकर स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून दोऱ्या तपासत होते, आणि तेवढ्यात गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपमधून पाणी सुटलं. वॉचमन मोटर चालू करून चहाला गेला होता. माझ्या डोळ्यांसमोरून धार खाली गेली आणि बरोबर टेम्पोवर, गादीवर आदळायला लागली.

परुळेकर वर तोंड करून ओरडले, “मोटर! मोटर बंद करा रे!” टेम्पो हात-दोन हात पुढे घ्यायला सांगितलं असतं तर गादी वाचली असती. ड्रायव्हर तेच म्हणत होता. हे त्या धारेखाली उभे राहून मोटरसाठीच ओरडत होते. ते मला दाखवायला होतं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी किल्ली घेतली. लिफ्ट खाली होती, धावत जिना उतरलो, पंपरूम उघडून खटका पाडला. बाहेर आलो तेव्हा धार बारीक होत होती. परुळेकर नखशिखांत भिजलेले, शर्ट अंगाला चिकटलेला, मान वर करून शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत होते. मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं.

“भरपूर पाणी झाला आता तुमच्याकडे,” म्हणाले.

ते मागे, सामानात चढून बसले. मी हात केला नाही. त्यांनीही केला नाही. टेम्पो फाटकातून बाहेर पडला आणि वळणाआड गेला, तरी गादीतून निथळलेल्या पाण्याची रेघ रस्त्यावर तिथवर ओली दिसत होती.